वाचक विचारतात : लेकरांचे कपडे घरी बेतताना

या अंकासाठी निवडलेली सर्व पत्रे श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कोकणपट्टीतून आली आहेत आणि त्यांचा विषय एकच आहे, तो म्हणजे लहान मुलांचे साधे कपडे घरी शिवणे. उत्तरांतील मापे इंचांत दिली आहेत, कारण कापड मीटरने विकले जात असले तरी शिंप्याची टेप आणि कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, आपल्याकडे अजून इंचांतच मोजला जातो.

प्रश्न : माझी मुलगी चार वर्षांची आहे. घरात सासूबाईंचे पायमशीन आहे आणि त्यावर मी आजवर उशांचे अभ्रे व पडदे शिवले आहेत. आता मुलीसाठी बिनबाह्यांचा आणि कमरेखाली चुण्या असलेला साधा फ्रॉक शिवायचा आहे. कापड कोणते व किती घ्यावे, मापे कशी घ्यावीत आणि गळा नीट बसावा म्हणून काय करावे?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : अभ्र्यावर सरळ टीप घालता येत असेल तर फ्रॉक शिवणे तुम्हाला जड जाणार नाही. जड जाते ते बेतणे, आणि म्हणून एकूण वेळातला निम्म्याहून अधिक वेळ कातर हाती घेण्यापूर्वीच्या कामांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या फ्रॉकसाठी केंब्रिक किंवा सुती पॉपलीन घ्यावे. मलमल अंगाला अधिक सुखाची असते, परंतु ती कातरीखाली सरकते आणि नवख्या हाताला दाद देत नाही. रेयॉन त्याहूनही घसरते. पॉलिएस्टर किंवा मिश्र धाग्याचे कापड स्वस्त असते, त्याला इस्त्रीही कमी लागते, तरीही आपल्या दमट हवेत ते घाम शोषत नाही आणि मुलांच्या मानेवर, पाठीवर घामोळे उठते. छाप निवडताना तो बारीक आणि कोणत्याही बाजूने सारखाच दिसणारा असावा, कारण एकाच दिशेने उभी असलेली फुले किंवा प्राणी असले की ते उलटे येऊ नयेत म्हणून कापड जास्त लागते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते: काजूच्या आणि आंब्याच्या दिवसांत अंगावर घालायचा कपडा पांढरा किंवा फिकट नसावा. त्याविषयी एक स्वतंत्र पत्र शेवटी आहेच.

36 इंची पन्ह्याचे सव्वा मीटर कापड या मापाला पुरते. पहिलीच वेळ असल्याने दीड मीटर घ्यावे. आणलेले कापड लगेच कापू नये. मागावर धागे ताणलेल्या स्थितीत विणले जातात आणि पाणी लागले की ते मूळच्या लांबीवर येऊ पाहतात, त्यामुळे न धुतलेले सुती कापड शेकडा तीन ते पाच इतके, विशेषतः उभ्या धाग्यात, आटते. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळत घालावे आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी. भिजवलेल्या पाण्याला रंग उतरलेला दिसला, तर पाणी स्वच्छ राहीपर्यंत ते कापड वेगळेच धुवावे, एरवी पहिल्या धुण्यात पांढरा गोट, म्हणजे कडेवर गुंडाळलेली पट्टी, रंगलाच म्हणून समजा.

मापे वयावरून ठरवू नयेत. एकाच वयाच्या दोन मुलींच्या छातीत दोन इंचांचा फरक सहज असतो. मुलीला पातळ बनियनवर सरळ उभी करून काखेखालून छातीचे माप घ्यावे आणि ते घेताना टेपच्या आत दोन बोटे राहू द्यावीत. त्यानंतर एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खांद्यापासून जेथे चुण्या सुरू व्हायच्या तेथपर्यंत आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मोजावे. सर्वात शेवटी कपाळावरून डोक्याचा घेर मोजावा. हे शेवटचे माप बहुतेक जण घेत नाहीत आणि मग तयार झालेला फ्रॉक कानांपाशी अडकतो.

उदाहरणादाखल असे धरू की छाती 22, खांदा 9, वरच्या भागाची उंची साडेआठ, पूर्ण उंची 22 आणि डोक्याचा घेर 20 इंच आहे. वरच्या भागाला शिंपी बॉडी म्हणतात. छातीचा चौथा हिस्सा साडेपाच इंच होतो. त्यात एक इंच सैलपणा आणि एक इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेले जादा कापड, मिळवली की साडेसात इंच येतात. ही झाली मधोमध दुमडलेल्या कापडाच्या घडीपासून बाजूच्या कडेपर्यंतची रुंदी. बाजूला अर्धा इंच माया पुरते, तरीही मी एक इंच सोडायला सांगते, कारण पुढच्या वर्षी तोच फ्रॉक उसवून सैल करता येतो. उंचीला साडेआठमध्ये वर आणि खाली अर्धा-अर्धा इंच माया धरून साडेनऊ इंच घ्यावे. घडीपासून खांदा साडेचार इंच, त्यातील दोन इंच गळ्याला जातात आणि अडीच इंच खांद्यावर राहतात. खांद्याचा बाहेरचा कोपरा अर्धा इंच खाली उतरवावा. मुंढ्याची, म्हणजे हात बाहेर येतो त्या वळणाची, खोली छातीच्या चौथ्या हिश्श्याइतकी म्हणजे साडेपाच इंच पुरते. पुढच्या भागाचा मुंढा मागच्यापेक्षा पाव इंच अधिक आत कोरावा, कारण हात बहुतेक वेळा पुढेच जातात आणि तेथे कापड जास्त राहिले की काखेपुढे फुगा येतो. हे सगळे आधी वर्तमानपत्रावर काढून, कापून, कागद मुलीच्या अंगावर धरून पाहावा. कागदाची चूक फुकट सुधारते.

गळ्याकडे जरा अधिक लक्ष द्यावे लागेल. दोन इंच रुंदी, पुढे अडीच इंच आणि मागे एक इंच खोली असा गोल गळा घेतला तर त्याचा पूर्ण घेर सुमारे 12 इंच भरतो, आणि डोके तर 20 इंचांचे आहे. गळा मोठा करत जाणे हा यावर उपाय नव्हे, कारण मग खांदे घसरतात. मागच्या भागाच्या मधोमध पाच इंचांची उभी चीर द्यावी; तिच्या दोन्ही कडा मिळून दहा इंच वाढतात आणि डोके आरामात जाते. चीर कापण्यापूर्वी तेथे तीन इंच रुंद व सहा इंच लांब तुकडा सुलट बाजूवर ठेवून, मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांनी खाली निमुळती होत जाणारी टीप घालावी, मग रेषेवर टोकापर्यंत कापून तुकडा आत उलटवावा. टोकाशी टीप न कापता अगदी जवळपर्यंत कात्री गेली पाहिजे, नाहीतर तेथे सुरकुती राहते.

गळ्याला आणि मुंढ्यांना तिरक्या पट्टीचा गोट लावावा. कापडाच्या उभ्या धाग्याशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून कापलेली सव्वा इंच रुंद पट्टी ताणली जाते, म्हणून ती वळणावर सपाट बसते; सरळ कापलेली पट्टी तेथे उभी राहते. गोट कडेवरून गुंडाळला जात असल्याने गळ्याला आणि मुंढ्याला माया सोडायची नसते. तुम्ही गोटाऐवजी पट्टी आत उलटवणार असाल, तर मात्र टीप जितकी आत जाईल तितका गळा मोठा होतो, हे लक्षात ठेवून तो पाव इंच लहान कापावा. कापलेला गळा हाताळताना ताणला जातो, म्हणून कडेपासून अगदी जवळ एक साधी टीप आधीच घालून ठेवणे हिताचे असते.

खालच्या घेराची उंची अशी काढावी: पूर्ण 22 मधून साडेआठ वजा केले की साडेतेरा उरतात, त्यात वरची माया अर्धा इंच आणि खालची दुमड अडीच इंच मिळवून साडेसोळा इंच. अशा दोन पट्ट्या लागतात. तयार बॉडीचा घेर 26 इंच आहे. केंब्रिकला त्याच्या दुप्पट घेर पुरेसा होतो, म्हणून प्रत्येक पट्टी मायेसह 28 इंच रुंद कापावी. उरलेल्या आठ इंची पट्ट्यातून तिरक्या पट्ट्या निघतात, मात्र त्यांना जोड द्यावे लागतात. चुण्यांसाठी मशीनचा टाका सर्वात मोठा करून वरच्या कडेला पाव इंचाच्या अंतराने दोन टिपा घालाव्यात, घेराचे आणि बॉडीचे चार-चार समान भाग खडूने खुणावून टाचण्यांनी जुळवावेत आणि मग खालचा म्हणजे बॉबिनचा दोरा ओढावा. एकच टीप घालून ओढले तर चुण्या एकीकडे जमा होतात.

शिवण्याचा क्रम मी असा सांगेन की आधी खांदे जोडावेत, मग चीर, गळा आणि कापड सपाट पसरता येते तोवरच मुंढ्यांचे गोट उरकावेत, त्यानंतर पुढच्या बॉडीला पुढचा घेर आणि मागच्या बॉडीला मागचा घेर जोडावा आणि सर्वात शेवटी मुंढ्यापासून खालपर्यंत बाजूची एकच सलग टीप घालावी. दुकानातील फ्रॉकमध्ये बहुधा बॉडी पूर्ण गोल शिवून मग घेर लावलेला असतो. तो दिसायला नेटका असला तरी वाढवायचा झाल्यास सगळेच उसवावे लागते. खालची अडीच इंचांची दुमड मशीनवर न घालता हातशिलाईने घालावी, म्हणजे पुढच्या वर्षी ती उलगडताना टिपेची रेघ उमटलेली राहत नाही. मानेपाशी एक चपटे बटण आणि दोऱ्याची फास पुरे.

प्रश्न : घरात पहिले नातवंड येणार आहे. माझ्या सासूबाईंची सुती लुगडी ट्रंकेत जपून ठेवलेली आहेत, त्यांची झबली करावी असे मनात आहे. इतके जुने कापड चालेल का, आणि त्यातील कोणता भाग घ्यावा?
– एक आजी, देवगड

उत्तर : चालेल असे म्हणण्यापेक्षा, तान्ह्याच्या कातडीला वर्षानुवर्षे धुतल्या गेलेल्या सुती कापडाइतके मऊ दुसरे काही मिळणार नाही, असेच म्हणते. फक्त लुगडे उजेडासमोर धरून पाहावे. जेथे उजेड जाळीतून आल्यासारखा दिसतो, तो भाग कासोट्याच्या आणि बसण्याच्या घासणीने विरलेला असतो; त्याची दुपटी किंवा लंगोट करावेत. झबल्यासाठी दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ताणल्यावर न फाटणारा भाग घ्यावा. काठ जाड आणि खरखरीत असतो, तो गळ्याजवळ येऊ देऊ नये.

त्याआधी एक गोष्ट मात्र नक्की तपासावी. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या का? या गोळ्यांतील नॅफ्थलीनची वाफ कापडात मुरते आणि काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात उणीव असते. अशा बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्या वाफेने फुटतात आणि तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाला ही उणीव आहे की नाही हे घरच्यांना बहुधा माहीत नसते. म्हणून गोळ्यांत राहिलेले कापड तान्ह्यासाठी वापरूच नये, त्याची मोठ्यांच्या अंथरुणाची गोधडी करावी. ट्रंकेत नुसती कडुनिंबाची पाने किंवा काहीच नसेल, तर कापड गरम पाण्यात साबणाने धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावे.

झबले बेतणे सोपे आहे. जन्मलेल्या बाळाची छाती साधारण 12 ते 13 इंच असते, परंतु झबले पहिले तीन महिने तरी यावे म्हणून पूर्ण घेर 20 इंच ठेवावा. कापड चौघडी करून खांद्याला शिवण न देता एकसंध कापावे, बाह्या अंगातूनच काढाव्यात आणि पुढचा भाग मधोमध उघडा ठेवावा, कारण मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून काहीही घालणे त्रासाचे होते. टिपांची माया बाहेरच्या बाजूला येऊ द्यावी. दिसायला ते उलटे दिसते, पण शिवणीचा खरखरीतपणा अंगाला लागत नाही आणि बाळाला त्याची तक्रार नसते. पावसाळ्यात बाळ येणार असेल, तर झबली दुप्पट करावीत; आषाढात आपल्याकडे एक झबले सुकायला दोन दिवस लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे आणि शर्टाची बटणे तोडून तोंडात घालतो. बटणांऐवजी गळ्याशी नाडी लावली तर चालेल का?
– एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : गळ्याशी नाडी नको. पाळण्याच्या कडीत, घसरगुंडीच्या फटीत किंवा दाराच्या कोयंड्यात अडकून ती गळ्याला आवळली जाते. युरोपातील सुरक्षा मानकानुसार सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि टोपीला दोऱ्या लावायला मनाई आहे ती याच कारणाने. त्याच्यासाठी खांद्यावर एकावर एक येणारा गळा, म्हणजे पुढचा व मागचा भाग खांद्याशी दोन इंच एकमेकांवर चढवून फक्त मुंढ्याशी शिवलेला, असा सदरा बेतावा. बटण लागतच नाही. कापड मात्र बनियनसारखे ताणले जाणारे होजिअरीचे हवे. साध्या सुती कापडाचा सदरा शिवायचा असल्यास टिचबटण लावण्यापेक्षा तीन वर्षांपर्यंत बटणे पाठीवर लावावीत, जेथे त्याचे हात पोचत नाहीत, आणि प्रत्येक बटण दुहेरी दोऱ्याने शिवून दोऱ्याची गाठ कापडाच्या मागे एका छोट्या तुकड्यावर घ्यावी.

प्रश्न : मलमलीवर टीप घातली की ती आवळून कापड गोळा होते. शिवाय पावसाळ्यात मशीन जड चालते आणि कापडावर तांबूस डाग पडतात. काय करावे?
– एक वाचक, मालवण

उत्तर : टीप आवळण्याची कारणे बहुधा तीन असतात आणि ती एकाच वेळी हजर असतात. 16 नंबरची सुई मलमलीला जाड पडते, ती धागे बाजूला सारते आणि ते सुरकुततात. 9 किंवा 11 नंबरची नवी सुई लावावी. दोरा जाड असेल तर बारीक घ्यावा. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करावा, आणि टाके इंचाला 12 पडतील इतके लहान ठेवावेत. एवढे करूनही कापड सुईखालच्या, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांत ओढले जात असेल तर त्याखाली पातळ कोरा कागद धरून टीप घालावी आणि नंतर तो फाडून काढावा. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये, त्याची शाई मलमलीला लागते.

मलमल वठणीवर आणण्याचा सगळ्यात चांगला उपाय मात्र आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कापण्यापूर्वी भाताची पेज गाळून, पाणी घालून पातळ करावी, त्यात मलमल बुडवून झटकून वाळवावी आणि इस्त्री करावी. कापड कागदासारखे कडक होते, खडूची रेघ स्पष्ट उमटते आणि कातर सरळ चालते. फ्रॉक तयार झाल्यावर एका धुण्यात खळ निघून जाते. फक्त पावसाळ्यात खळ घातलेले कापड तसेच ठेवू नये, त्यावर बुरशी धरते आणि झुरळेही येतात.

मशीन जड चालण्याचे कारण विचारता, तर आधी तुम्ही त्यात कोणते तेल घालता ते सांगायला हवे होते. आपल्या किनाऱ्यावर अनेक घरांत सवयीने खोबरेल घातले जाते. ते थोडा गारवा पडला की थिजते आणि जुने झाले की चिकट होऊन धुळीची पुटे धरते. शिलाई मशीनचे पातळ पांढरे तेल बाजारात मिळते, तेच घालावे. त्याआधी दात्यांवरची पट्टी काढून खाली साचलेला धाग्यांचा भुगा ब्रशने झाडावा. खारी दमट हवा तो भुगा ओला ठेवते आणि तेथूनच गंज सुरू होतो. जून ते सप्टेंबर मशीन वापरात नसले तरी आठवड्यातून एकदा चार मिनिटे रिकामे चालवावे, आणि सुईजवळच्या, कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली जाड सुती कापडाचा तुकडा दाबून ठेवावा, म्हणजे गळणारे तेल त्यात जिरते. सुई काढून तेलाच्या फडक्यात ठेवावी. चामडी पट्टा दमटपणाने सैल पडला असेल तर तो कापून आखूड करावा, पण पावसाळा संपल्यावर तो पुन्हा आवळतो, म्हणून फार कापू नये.

पडलेल्या गंजाच्या डागावर लिंबाचा रस आणि मीठ चोळून कापड उन्हात ठेवावे व नंतर धुवावे. क्लोरीनच्या ब्लीचने गंजाचे डाग जात नाहीत, उलट पक्के बसतात.

प्रश्न : गणपतीसाठी सहा वर्षांच्या मुलीला खणाचे परकर-पोलके शिवायचे आहे. गेल्या वर्षी विकत आणलेले ती टोचते म्हणून अर्ध्या तासात काढून बसली. घरी शिवताना काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : मुलीची तक्रार खरी असणार. कर्नाटकातील गुळेदगुड्डचा मूळचा खण सूत आणि रेशीम वापरून विणला जाई. आता बाजारात खणासारखी दिसणारी पॉलिएस्टरची कापडे फार आहेत आणि तयार पोलक्यांत ती अस्तराविना शिवलेली असतात. दुकानात ओळखू येत नसेल तर कडेचा एक धागा घरी आणून जाळून पाहावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख मऊ पडते, रेशमाला जळलेल्या केसाचा वास येतो, पॉलिएस्टर मात्र वितळून त्याची कडक गोळी होते. ही गोळी पाहिली की समई-निरांजनांच्या गर्दीत, आरतीच्या वेळी लेकराच्या अंगावर कोणते कापड नको, हे वेगळे सांगावे लागत नाही. पॉलिएस्टर जळताना कातडीला चिकटते.

पोलक्याला पूर्ण मलमलीचे अस्तर द्यावे आणि ते असे लावावे की गळा, मुंढा आणि बाजू यांची सारी माया खण आणि अस्तर यांच्यामध्ये बंद होईल. खांद्याला खण आणि अस्तर वेगवेगळे जोडून, दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून गळ्यावर टीप घालावी, वळणावर टिपेपर्यंत बारीक खाचा माराव्यात आणि उलटवावे. खाचा मारल्या नाहीत तर गळा ताठ उभा राहतो. जरीचा काठ बाहीच्या टोकाला छान दिसतो, परंतु त्याची आतली बाजू दंडाला घासते, म्हणून तेथेही अस्तर एक सूतभर बाहेर डोकावू द्यावे.

खणाचा पन्हा लहान असतो, तेव्हा परकराला तीन किंवा चार तुकडे जोडावे लागतील, हे कापड घेतानाच धरून चालावे. नेफ्यात नाडी घातली तर मुलगी ती सोडून बसते आणि रबर आवळ घातले तर पोटावर वळ उठतात. पुढे सपाट पट्टी आणि केवळ मागच्या निम्म्या भागात रबर, ही तडजोड मला सर्वात बरी वाटते. काठाच्या वर एक-एक इंचाच्या दोन आडव्या टिपा दुमडून घालाव्यात. नक्षी म्हणूनही त्या शोभतात आणि दरवर्षी एक उसवली की परकर दोन इंचांनी लांब होतो, म्हणजे दोन चतुर्थ्या तरी निघतात. गिरण्या चालू होत्या तेव्हा मुंबईहून येणारे चाकरमानी चवथीला सगळ्या भावंडांना एकाच ताग्याचे कापड आणीत आणि अंगणात एकाच छापाचे फ्रॉक व शर्ट फिरत. त्या कपड्यांतही या वाढीच्या टिपा न चुकता असत.

प्रश्न : माझ्याकडे मशीन नाही. हाताने शिवलेला मुलीचा फ्रॉक टिकेल का?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : टिकेल, परंतु नुसता धावदोरा पुरणार नाही, तो एका जागी तुटला की सरसर निघतो. बाजू, खांदे आणि घेराचा जोड उलट्या टिपेने, म्हणजे दर टाक्याला थोडे मागे येऊन पुढे जाणाऱ्या टाक्याने शिवावेत. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, तो पिळतो आणि गाठी पडतात. बाजूच्या शिवणीला आधी सुलट बाजूने पाव इंचावर शिवून, कड छाटून, उलटवून आतल्या बाजूने पुन्हा शिवले की कापडाची कड आत बंद होते आणि सुते निघत नाहीत. चुण्या तर मशीनपेक्षा हाताने अधिक एकसारख्या येतात. वर गुहागरच्या वाचकांना सांगितलेली मापे आणि बेतण्याची पद्धत तुम्हालाही जशीच्या तशी उपयोगी पडेल.

प्रश्न : नव्या फिकट पिवळ्या फ्रॉकवर काजूच्या बोंडाचा रस सांडला. साबण, लिंबू, ऊन सारे करून झाले. आणखी काही उपाय?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : बोंडाच्या रसाचा डाग ओला असतानाच गार पाण्याखाली धरला तर थोडाफार फिका होतो, एकदा वाळून तांबूस झाला की तो जात नाही आणि घासून घासून कापड मात्र विरते. त्या जागी खिसा लावावा. फ्रॉक शिवताना उरलेले कापड असेल तर त्याचा, नसेल तर दुसऱ्या गडद छापाचा, आणि समोर एकच खिसा विचित्र दिसत असेल तर जोडीला दुसराही. खिशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत टीप तीन वेळा मागे-पुढे फिरवावी, कारण वेंगुर्ल्याच्या मुलीच्या खिशात वाळूसकट शिंपले भरले जाणार आणि ताण तेथेच येणार.